आर्किओरॅप्टरची फरशी: हाडं खरी, प्राणी खोटा

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या ट्युसन शहरी दर वर्षी हिवाळ्याच्या शेवटी खनिजं, रत्नं आणि जीवाश्मांचा प्रचंड बाजार भरतो. आपल्याकडचे जळगाव, नाशिक, पुणे भागातले झिओलाइट या स्फटिकी खनिजांचे नमुने जिथे मांडले जातात, तोच हा बाजार. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिथल्या एका विक्रेत्याकडे चीनहून आलेली शेलची, म्हणजे गाळापासून बनलेल्या पातळ थरांच्या दगडाची, एक फरशी होती. तिच्यावर पक्ष्यासारखी छाती आणि खांदे, तोंडात बारीक दात, भोवती पिसांचे ठसे. मागच्या बाजूला मात्र लांब, ताठ, हाडांच्या काड्यांनी आवळून बांधल्यासारखी शेपटी. अशी शेपटी पक्ष्याची नसते, ती ड्रोमिओसॉर कुळातल्या लहान मांसाहारी डायनोसॉरची असते. पक्षी डायनोसॉरपासून आले, या म्हणण्याचा इतका बोलका पुरावा हाती लागणं म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने लॉटरीच. युटा राज्यातल्या ब्लँडिंग गावी खाजगी डायनोसॉर संग्रहालय चालवणाऱ्या दाम्पत्याने ती फरशी, पुढे 'आर्किओरॅप्टर' या नावाने गाजलेली, ८०,००० डॉलरला घेतली.

दहा महिन्यांत सगळं कोसळलं. फरशीवर किमान दोन, बहुधा त्याहून जास्त प्राण्यांचे अवशेष जोडलेले निघाले. जीवाश्म जमवणाऱ्याने हे प्रकरण बारकाईने समजून घ्यावं, कारण त्यात प्लास्टरचं किंवा रेझिनचं एकही हाड नव्हतं. 'हे हाड खरं आहे का?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक हाडापाशी 'हो' असंच आलं असतं. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता: हा एकच प्राणी आहे का, आणि तसं कोणत्या सांध्यावरून म्हणता येतं?

दगड कसा फुटतो

ईशान्य चीनच्या ल्याओनिंग प्रांतात ज्युफोतांग नावाचा खडकथर आहे, साधारण १२ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी तिथे तळी होती आणि आसपासच्या ज्वालामुखींची राख त्यात पडत असे. तळाशी अतिशय बारीक गाळ वहीच्या पानांसारखा थरावर थर बसत गेला. त्यात मेलेला पक्षी किंवा डायनोसॉर दाबला जाऊन चपटा झाला. पिसांचे ठसे टिकले ते याच बारीक गाळामुळे.

पण हाच दगड संग्राहकाला गोत्यात आणतो. छिन्नी मारली की शेल सगळ्यात कमजोर पातळीवर उघडते, आणि जिथे हाडं अडकलेली असतात तीच पातळी बहुधा कमजोर असते. त्यामुळे हाड उभं चिरल्यासारखं दुभंगतं. अर्धं या पानावर राहतं, अर्धं समोरच्या पानावर. एका सांगाड्याच्या अशा दोन फरशा होतात, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. एकीला फरशी म्हणू, दुसरीला जोडफरशी. शिवाय पातळ शेल अखंड निघत नाही. एका प्राण्याचे वीसतीस तुकडे होणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. म्हणून या भागातला प्रामाणिकातला प्रामाणिक नमुनासुद्धा डकवलेलाच असतो. 'यात डिंक आहे, म्हणजे बनावट' हा निकष इथे पहिल्याच पायरीवर निकामी ठरतो.

नंतरच्या चौकशीतून जे बाहेर आलं ते असं. जुलै १९९७ मध्ये श्यासानज्याझी गावात शेलच्या खाणीत खोदणाऱ्या एका शेतकऱ्याला दात असलेल्या पक्ष्याचा, पिसांच्या ठशांसकट, जीवाश्म सापडला. काढताना तो फुटला. त्याच खाणीत जवळच शेपटीचा आणि पायांचा तुकडा मिळाला. घरगुती खळीने त्याने हे सगळं एकत्र बसवलं. पूर्ण दिसणाऱ्या नमुन्याला तुकड्यांपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो, हे त्याला ठाऊक होतं. जून १९९८ मध्ये फरशी एका दलालाकडे गेली आणि तिथून चोरट्या वाटेने अमेरिकेत पोहोचली.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. अर्ध्या पक्ष्याला भाव नाही आणि पूर्ण पक्ष्याला आहे, हा नियम त्याने केलेला नव्हता. तो विकत घेणाऱ्यांनी केला होता आणि अजूनही तेच करतात. आपल्याकडे झिओलाइटवाल्यांना हा प्रकार नवा नाही. अपोफिलाइट खनिजाचा सुटलेला हिरवा स्फटिक दुसऱ्याच स्टिलबाइट खनिजाच्या गादीवर डकवला की किंमत वाढते. स्फटिक खरा, गादी खरी, नमुना मात्र निसर्गाने घडवलेला नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: तुकडे एकाच खाणीतले होते. म्हणजे दगडाचा रंग तोच, पोत तोच, हाडांचा तपकिरीपणा तोच, वयही जवळपास तेच. रंगात फरक दिसला की जोड पकडता येते, असं जे सांगितलं जातं ते फक्त अडाणीपणे केलेल्या जोडकामाला लागू पडतं.

डोळ्यांना काय दिसलं होतं

मालकांनी कॅनडातले डायनोसॉरतज्ज्ञ फिलिप करी यांना सामील करून घेतलं आणि त्यांच्यामार्फत नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीला. नमुना चीनमधून बेकायदा आलेला असल्याने अभ्यासानंतर तो परत करायचा असं ठरलं, आणि बीजिंगच्या पुराजीवशास्त्र संस्थेतले शू शिंग यांना गटात घेतलं गेलं. हा निर्णय चांगला होता. पुढे सत्य बाहेर आलं तेही याच माणसामुळे.

६ मार्च १९९९ रोजी करी यांनी फरशी पाहिली तेव्हाच दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. एक, डावं आणि उजवं पाऊल हुबेहूब एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब होतं. जिवंत प्राण्याचे दोन पाय मरताना इतके तंतोतंत एकाच मुद्रेत, प्रत्येक बोट त्याच कोनात, प्रत्येक नखी तितकीच वळलेली, असे पडत नाहीत. याचा अर्थ एकच: तो एकच पाय होता आणि त्याची फरशी व जोडफरशी शेजारी शेजारी बसवून दोन पाय केले होते. दोन, शेपटी आणि धड यांच्यामध्ये हाडांचा सलग दुवा दिसत नव्हता.

हे निरीक्षण करायला कोणतंही यंत्र लागलं नाही. तिथेच थांबून 'मग दुसरं काय काय बसवलेलं आहे?' असं विचारलं गेलं असतं, तर प्रकरण मार्चमध्येच संपलं असतं. पण तुटलेल्या नमुन्यात एखादा पाय जोडफरशीतून आणून बसवणं ही दुरुस्ती समजली गेली. तसं करतातही लोक. चूक त्यात नाही. एक बदल सापडल्यावर बाकीचे सांधे निर्दोष धरले गेले, ही चूक.

क्ष-किरणांनी काय दाखवलं

२९ जुलैला फरशी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात नेली. तिथे टिमथी रो यांच्या प्रयोगशाळेत दगडांसाठी बनवलेला उच्च विभेदनाचा सीटी स्कॅनर होता. सीटी म्हणजे वस्तूतून सर्व बाजूंनी क्ष-किरण सोडून आतल्या घनतेचे काप तयार करणं. हाड, शेल, डिंक, लिंपण आणि हवेची पोकळी या पाचही गोष्टींची घनता वेगळी असते, म्हणून प्रत्येक काप करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत दिसतो. वरून रंगवून, घासून सांधा झाकता येतो. आतून तो झाकता येत नाही.

फरशी एकसंध नव्हती. खाली आधाराला दिलेली पाटी, तिच्यावर लिंपणाचा थर आणि त्यात खपल्यांसारखे बसवलेले अनेक तुकडे. रो यांची पद्धत जिगसॉ कोडं सोडवणाऱ्याची होती. शेजारच्या दोन तुकड्यांच्या फुटलेल्या कडा एकमेकींत बसतात का? दोन्हीकडे दगडाची जाडी आणि हाडाची खोली सारखी आहे का? बसत असतील तर ते तुकडे मुळात एकत्र होते. मधे लिंपणाची पट्टी असेल आणि कडा जुळत नसतील, तर ते शेजारी आहेत कारण कुणीतरी त्यांना शेजारी ठेवलं. वरच्या भागातले, म्हणजे पक्ष्याच्या धडाकडचे तुकडे आपसात जुळत होते. पाय आणि शेपटी यांचे तुकडे त्या गटाशी जुळत नव्हते.

२ ऑगस्टला रो यांनी मालकांना सांगितलं की हा सगळाच प्रकार बनावट असण्याची शक्यता आहे. ही शंका खाजगीत राहिली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात करी यांनी आपले सफाईतज्ज्ञ केव्हिन ऑलेनबाख यांना ब्लँडिंगला पाठवलं. दगडातून हाड मोकळं करण्याचं काम ज्याचं, त्याच्या बोटांना दगडाची भाषा कळते. ऑलेनबाख यांचा निष्कर्ष होता की फरशीवर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच नमुने एकत्र केले आहेत. तो करी यांच्यापर्यंत पोहोचला, फरशीवर लेख छापणाऱ्या नॅशनल जिऑग्राफिक नियतकालिकापर्यंत पोहोचला नाही.

दरम्यान या फरशीवरचा शोधनिबंध 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे १३ ऑगस्टला गेला आणि २० ऑगस्टला परत आला. नॅशनल जिऑग्राफिकचा अंक पुढे ढकलला जाणार नव्हता, त्यामुळे परीक्षणाला वेळच उरत नव्हता. मग तो 'सायन्स' या दुसऱ्या विज्ञानपत्रिकेकडे गेला. तिथल्या परीक्षकांनी नमुना चोरट्या मार्गाने आल्याचा आणि किंमत वाढवण्यासाठी त्यात फेरफार झाल्याचा मुद्दा काढला. तिथेही नकार. तरी १५ ऑक्टोबरला पत्रकार परिषद झाली आणि नोव्हेंबरच्या अंकात 'आर्किओरॅप्टर' हे नाव जगभर गेलं. स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय संस्थेतले पक्षीतज्ज्ञ स्टॉर्स ओल्सन यांनी १ नोव्हेंबरला खुलं पत्र लिहून जोरदार आक्षेप घेतला.

डिसेंबरमध्ये शू शिंग ल्याओनिंगमध्ये एका खाजगी संग्रहातला पिसं असलेला छोटा ड्रोमिओसॉर पाहत होते. त्याची शेपटी त्यांना ओळखीची वाटली. आर्किओरॅप्टरच्या शेपटीशी ती ताडून पाहिली तेव्हा ती तिची जोडफरशी निघाली. म्हणजे त्याच शेपटीचं समोरचं पान, आणि या पानावर ती शेपटी वेगळ्याच धडाला, सलग, नैसर्गिकपणे जोडलेली. २० डिसेंबरला त्यांनी सहकाऱ्यांना कळवलं. हा पुरावा सीटीपेक्षाही वरचढ आहे. सीटी सांगतो की हे दोन तुकडे एकत्र होते असं दिसत नाही. जोडफरशी सांगते की यातला एक तुकडा मुळात कुठे होता.

आपल्या टेबलावर अशी फरशी आली तर

सीटी स्कॅनर प्रत्येकाकडे नसतो. पण आर्किओरॅप्टरमधले महत्त्वाचे दोन दोष साध्या डोळ्यांनी सापडलेले होते, त्यामुळे साध्या साधनांना कमी लेखू नये. १० पट भिंग, चांगली टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, मोबाइल कॅमेरा, कापसाच्या काड्या आणि थोडं ॲसिटोन एवढं पुरतं.

सुरुवात पाठीकडून आणि कडांकडून करा, चेहऱ्याकडून नको. विकणाऱ्याची सगळी मेहनत चेहऱ्यावर झालेली असते. पाठीला दुसरी पाटी लावलेली असणं हा गुन्हा नाही, पातळ शेलला आधार लागतोच. पण पाटी लावल्यावर मागच्या भेगा झाकल्या जातात, म्हणून मग कडा नीट वाचाव्या लागतात. भिंगातून कडेवरचे गडद-फिके थर पाहा. एखाद्या भेगेच्या दोन्ही बाजूंना तोच जाड थर, तोच पातळ थर त्याच उंचीवर आला पाहिजे. क्रम तोच पण उंची वेगळी असेल तर तुकडा सरकून डकवला गेला. क्रमच वेगळा असेल तर तुकडा परका.

मग खोलीत अंधार करून टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून, १० ते १५ अंशांच्या कोनात धरा आणि चार दिशांनी चार फोटो घ्या. तिरप्या उजेडात लिंपण लगेच ओळखू येतं. तिथे थरांचा पोत नसतो, पृष्ठभाग जरा जास्तच गुळगुळीत किंवा जरा जास्तच खरखरीत असतो, आणि टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसतात. ते हवेचे बुडबुडे. शेलमध्ये असे बुडबुडे नसतात.

यातल्या एका फोटोची मोठी प्रत काढून तिच्यावर सांध्यांचा नकाशा करा. प्रत्येक भेग लाल पेनाने. आता प्रत्येक भेगेपाशी एकच गोष्ट तपासायची: हाड ही भेग ओलांडून पलीकडे जातं का? जात असेल आणि दोन्ही बाजूंना हाडाची रुंदी, जाडी, आतली जाळी जुळत असेल, तर तो सांधा सिद्ध झाला, त्याला हिरवी खूण. जिथे एकही हाड भेग ओलांडत नाही, किंवा नेमकं ओलांडायच्या जागी लिंपण आहे, तो सांधा असिद्ध. सगळ्या हिरव्या सांध्यांनी जोडलेले तुकडे हा एक प्राणी. लाल उरलेल्या रेषेपलीकडे जे काही आहे, ते दुसऱ्याचं आहे असं धरून किंमत ठरवा. आर्किओरॅप्टरवर हा नकाशा केला असता तर शेपटी लाल रेषेच्या पलीकडे राहिली असती, आणि त्या फरशीचा सगळा भाव त्या एका सांध्यावर उभा होता. माझ्या मते या प्रकरणातून घेण्याजोगी सगळ्यात कामाची सवय हीच. यासाठी कुठल्या प्रयोगशाळेत जावं लागत नाही, दोन तास द्यावे लागतात.

पायांची आणि पंखांची आरसा-चाचणीही करा. एका पायाचा फोटो मोबाइलमध्ये आडवा उलटवा, पारदर्शकता निम्मी करा आणि दुसऱ्या पायावर ठेवा. खऱ्या जोडीत लांबी जुळते पण बोटांचे कोन जुळत नाहीत. कोन, भेगा, नखांचं वळण सगळं जुळलं तर एकाच पायाची दोन पानं तुमच्यासमोर आहेत. याउलट लांबीच जुळत नसेल तर पाय दोन वेगळ्या प्राण्यांचे.

अतिनील उजेडात बरेच डिंक आणि रेझिनं निळसर पांढरी चमकतात, रंगाचे थर आजूबाजूच्या दगडापेक्षा गडद किंवा वेगळ्या छटेचे दिसतात. पण चमक दिसली म्हणून घाबरू नका. भेगेतून दोऱ्यासारखी जाणारी बारीक चमक म्हणजे दुरुस्ती. हाडाभोवती खंदकासारखी चमक, म्हणजे ते हाड खड्डा करून आणून बसवलं असण्याची शक्यता मोठी. संपूर्ण पृष्ठभागावर पसरलेली फिकी चमक बहुधा दगड पक्का करायला लावलेल्या द्रावणाची असते आणि तिच्याखाली काहीही लपू शकतं, म्हणून तिथे निष्कर्ष काढू नका.

ॲसिटोन शेवटी, विक्रेत्याची परवानगी घेऊन, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून लांब. हाडावर किंवा पिसांच्या ठशावर अजिबात नाही. कडेच्या लिंपणावर ओली काडी दहावीस सेकंद टेकवा. कापूस तपकिरी झाला तर वर रंग आहे. सांधा चिकट किंवा मऊ झाला तर पॅरालॉइडसारखं विरघळणारं रेझिन, ते संग्रहालयांतही वापरतात आणि ते चांगलं लक्षण आहे, कारण काम उलटवता येतं. काहीच झालं नाही तर दगड असेल किंवा इपॉक्सी हा पक्का डिंक, हे ॲसिटोन सांगू शकत नाही. तापवलेली सुई टोचून प्लास्टिकचा वास घ्यायची जी चाचणी लोक सुचवतात ती अशा नमुन्यावर करू नका. ती रेझिनचा साचा पकडते. इथे हाडं खरीच असतात, त्यामुळे चाचणी पास होते आणि खऱ्या हाडाला भोक पडतं.

सीटी करायचाच असेल तर एक अडचण आधी माहीत असावी. सपाट फरशी हा स्कॅनसाठी सगळ्यात वाईट आकार. किरण फरशीच्या लांबीतून जाताना खूप दगड पार करतात, जाडीतून जाताना अगदी थोडा, त्यामुळे चित्रावर रेघोट्या येतात. रुग्णालयातलं यंत्र माणसाच्या घनतेसाठी बेतलेलं असतं. दगडाच्या कामाचं औद्योगिक यंत्र असलेली जागा शोधणं बरं. आणि कापांची मूळ फाइल मागून घ्या, फक्त अहवालाचा कागद नको.

मोसासॉरच्या जबड्यात हेच

ल्याओनिंगची फरशी फार थोड्यांच्या वाट्याला येते. सामान्य संग्राहकासमोर येतो तो मोरोक्कोचा मोसासॉर. खुरिब्गा भागातल्या फॉस्फेटच्या खाणींत क्रिटेशियसच्या अखेरीचे, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे, या समुद्री सरड्यांचे दात भरपूर सापडतात. मोसासॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत, म्हणून सुटा दात स्वस्त. दातांसकट जबडा मात्र विरळा. इथेही बाजाराचं गणित तेच: सुटे खरे दात, खऱ्या हाडाचा एखादा तुकडा, आणि मधे फॉस्फेटची वाळू डिंकात कालवून केलेला गिलावा.

खऱ्या जबड्यात दाताचा चकचकीत मुकुट एका जाड, सच्छिद्र, मुळासारख्या बुंध्यावर बसतो आणि तो बुंधा हाडाच्या खोबणीत घट्ट सांधलेला असतो. प्रत्येक दाताला स्वतःची खोबण. बुंध्याच्या आतल्या बाजूला पुष्कळदा पुढच्या दातासाठी झिजलेला खड्डा दिसतो. जोडलेल्या जबड्यात मुकुट थेट वाळूत रोवलेला असतो, बुंधा गायब असतो, सगळे दात एका मापाचे आणि एका कोनात उभे असतात. खऱ्या जबड्यात ते नव्याजुन्या वयाचे, कमीजास्त उंचीचे असतात, मधे एखादी रिकामी खोबण असते. विक्रेत्याच्या टेबलावर दोन दातांच्या मधली वाळू भिंगातून पाहा. वाळूचे कण चकाकत्या पारदर्शक डिंकात तरंगताना दिसले की तो भाग माणसाने भरला.

तज्ज्ञांनाही यातून सूट नाही. २०२१ मध्ये मोरोक्कोच्या याच खाणींतून आलेल्या जबड्यावरून झेनोडेन्स हा करवतीसारख्या दातांचा मोसासॉर जाहीर झाला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्यावर प्रश्न उभा केला: दोन दात एकाच खोबणीत कसे? प्रत्येक दाताला स्वतःची खोबण हवी. त्यांनी सीटी स्कॅनची मागणी केली. पाहा, हरकत दाताच्या खरेपणाबद्दल नाही, दात जिथे बसला आहे त्या जागेबद्दल आहे.

कागद

आर्किओरॅप्टरच्या खरेदीत आणखी एक भोक होतं आणि पैशाच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोठं. फरशी कायदेशीररीत्या चीनबाहेर आलीच नव्हती. म्हणजे ती अस्सल असती तरी ८०,००० डॉलर देणाऱ्याकडे राहिली नसती. न्यूयॉर्कमध्ये मे २०१२ मध्ये दहा लाख डॉलरवर बोली गेलेला मंगोलियाचा टार्बोसॉरसचा सांगाडा हाडांनी खरा होता, तरी तो २०१३ मध्ये मंगोलियाला परत गेला.

म्हणून कोणत्या देशाचा माल आहे हे हाडाआधी विचारा. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म सरकारच्या मालकीचे आहेत. चीनमधून पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म खाजगी विक्रीसाठी बाहेर काढता येत नाहीत, आणि बाजारात दिसणाऱ्या चिनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बऱ्याचशा छोट्या फरशा याच कारणाने टाळाव्यात. अमेरिकेत खाजगी जमिनीतला डायनोसॉर जमीनमालकाचा, सरकारी जमिनीतली पृष्ठवंशी हाडं परवान्याशिवाय कुणाचीच नाहीत. त्यामुळे मोंटाना किंवा वायोमिंगच्या हाडाबरोबर जमीनमालकाचं पत्र हवं, फक्त राज्याचं नाव पुरत नाही.

कागदावर निदान एवढं असावं: खाण किंवा शेत कुठलं, खडकथर कोणता, कोणत्या वर्षी काढलं, कोणाच्या हातून कोणाकडे गेलं, निर्यातीचा परवाना, आणि दुरुस्तीचा नकाशा. शेवटच्या गोष्टीचा आग्रह धरा. 'ऐंशी टक्के मूळ' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण उरलेले वीस टक्के नेमके कुठे आहेत यावर सगळं ठरतं. बरगड्यांत असतील तर चालेल. मान आणि डोकं यांच्यामध्ये असतील तर तुमच्याकडे एक डोकं आहे आणि एक धड आहे. जो विक्रेता कुरकुर न करता सांगाड्याच्या बाह्यरेषेवर दुरुस्तीचे भाग रंगवून देतो त्याच्याकडे परत जावं. 'जुन्या संग्रहातला' एवढंच म्हणणाऱ्याकडून जुन्या संग्रहाचं लेबल मागावं, आणि लेबलचा फोटो नव्हे तर लेबलच.

तुकड्यांचं पुढे काय झालं

फरशी चीनला परत गेली. रो आणि सहकाऱ्यांनी स्कॅनचं संपूर्ण विश्लेषण २००१ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. शेपटीचा खरा मालक २००० मध्येच मायक्रोरॅप्टर झाओयानस या नावाने शास्त्रात दाखल झाला होता. तोपर्यंत माहीत असलेल्या प्रौढ डायनोसॉरांत तो सगळ्यात लहान होता, आणि पुढे त्याच्या कुळातल्या नमुन्यांत चारही अवयवांवर पंख सापडले. पुढचा भाग २००२ मध्ये यानॉर्निस मार्टिनी या मासेखाऊ पक्ष्याचा असल्याचं ओळखलं गेलं. म्हणजे डकवण्याआधी त्या शेतकऱ्याच्या हातात दोन उत्तम जीवाश्म होते. दोन्ही वेगवेगळे, अर्धे असतानाच, खाणीच्या नावासह नोंदले गेले असते तर कुठल्याही संग्रहालयाने ते मोलाचे मानले असते.

ज्या पायांनी करी यांना पहिल्यांदा अडखळवलं, ते मात्र या दोघांपैकी कुणाचेही नाहीत असं २००२ च्या अभ्यासात ठरलं. त्या प्राण्याला नाव नाही. त्याचं धड त्याच खाणीत राहिलं असेल किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी फरशीवर, दुसऱ्या पायांना जोडलेलं असेल.